सायलेन्सरवरचं फडकं

मुलुंडला पाच रस्त्याजवळ आमच्या बाईंचं मोटर ट्रेनिंग स्कूल होतं. 'आमच्या' हे मी सवयीनं म्हणते. त्या कुणाच्या नव्हत्या. मी आधी त्यांच्याकडे शिकायला गेले, मग तिथंच शिकवायला लागले, आणि त्या तीन वर्षांत असा आठवडा गेला नसेल की घरी परतताना मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या नाहीत. या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. मागे वळून बघताना माणूस मऊ होतं म्हणतात. मी झाले नाही. त्यांची आठवण आली की माझे कान अजून तापतात. फरक एवढाच, की तेव्हा सगळा राग त्यांच्यावर होता आणि आता त्यातला बराचसा माझ्याच वाट्याला आलाय.

स्कूल म्हणजे एक गाळा, एक टेबल, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर एकच गाडी. साठच्या दशकातली, करडी, गोल दिव्यांची. शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला, शिकवणाऱ्यासाठी. गाळ्यावरच्या पाटीची पहिली ओळ कोरी होती. तिथं पूर्वी त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं. तो एका मे महिन्यात गावी म्हणून कोकणात गेला आणि परत आलाच नाही. बाईंनी वर्षभर वाट पाहिली, मग शिडी लावली आणि टर्पेंटाइननं ते नाव स्वतः पुसलं. तिथं स्वतःचं मात्र घातलं नाही. पेंटरनं विचारलं तेव्हा म्हणाल्या म्हणे, की गाडी शिकायला येणाऱ्याला नावाशी काय करायचंय.

पन्नाशीच्या, काटक, जाड चष्म्याच्या. सुती पाचवारी साडी, घोट्यापाशी दोन्ही बाजूंनी सेफ्टी पिना लावून वर धरलेली, आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. चपला घालून आलेल्या बाईला त्या दारातूनच परत पाठवायच्या. हातात शाळेतली लाकडी फूटपट्टी. गिअरच्या दांड्यावर हात उगाच रेंगाळला की पट्टी बोटांवर बसायची, शिकणारी मग डॉक्टरीण असो की कुणाची सासू. पहिले तीन दिवस त्या कुणाला स्टिअरिंगला हात लावू देत नसत. मागच्या सीटवर बसायचं आणि ऐकायचं. इंजिन कधी खूश आहे, कधी कण्हतंय, ते ओळखता आलं की चौथ्या दिवशी पुढे. मी स्वतः त्या मागच्या सीटवर सहा दिवस काढले, कारण माझे कान म्हणे लग्नाच्या बँडचे होते.

त्यांचं एक वाक्य साऱ्या मुलुंडला माहीत होतं. नवशिकी बाई क्लच झटकन सोडायची, गाडी एक उसळी मारून गप्प व्हायची आणि ती बाई बिचारी म्हणायची, "बाई, गाडी बंद पडली." त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं: "गाडी बंद पडत नाही. तू पाडलीस. म्हण, मी पाडली." आणि म्हटल्याशिवाय चावी फिरवू द्यायच्या नाहीत. मागे बस थांबलेली असो, ट्रकवाला भोंगा वाजवून आईबहीण काढत असो, आधी ते वाक्य.

दुसरी सवय फडक्याची. संध्याकाळी शेवटची शिकवणी संपली, गाडी गाळ्यासमोर आली की बाई इंजिन चालू ठेवायला सांगत, मांजरपाटाचा हातभर तुकडा घेत आणि सायलेन्सरच्या तोंडावर पाचेक बोटं अंतरावरून घड्याळ लावून एक मिनिट धरत. मग तो तुकडा उजेडात नेऊन डॉक्टरनं एक्स-रे बघावा तसा बघत. तेलकट निळसर डाग म्हणजे इंजिन तेल पितंय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. नुसता करडा तवंग म्हणजे सगळं ठीक. तुकड्याच्या कोपऱ्यात कॉपिंग पेन्सिलीनं तारीख घालायच्या आणि घडी करून एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायच्या. समोरचा वाणी याला बाईंचं वेड म्हणायचा. मीही तेच म्हणायचे.

मला त्यांनी नोकरीवर ठेवलं ते प्रेमानं नाही. बी.ए. होऊन मी घरी बसले होते, गाडी बरी चालवायचे, आणि शिकायला येणाऱ्या बायका वाढल्या होत्या. सोमवार ते शुक्रवार बायकांना मी शिकवायचं आणि शनिवारी बाईंनी त्यांची परीक्षा घ्यायची, असं ठरलं. शनिवारी मी मागच्या सीटवर बसायची.

अशाच एका शनिवारी सुमनचा प्रकार झाला.

सुमन भांडुपची. नवऱ्याची गिरणी बंद होऊन काही वर्षं झाली होती, तो घरीच असायचा. एका बालवाडीला मुलांची गाडी चालवायला बाईच हवी होती आणि त्यांनी सुमनला सांगितलं होतं, लायसन आण, नोकरी तुझी. ती मन लावून शिकायची. हात चांगला होता, पण चढावर पाय थरथरायचा. त्या दिवशी बाईंनी तिला भांडुपला टेकडीकडे जाणाऱ्या चढावर नेलं आणि मध्यावर थांबवून म्हणाल्या, उचल आता. तिनं एकदा पाडली, दोनदा पाडली. तिसऱ्यांदा गाडी मागे घरंगळली आणि बाईंनी आपल्याकडचा ब्रेक दाबला. शेजारी रेशनच्या दुकानावर रॉकेलची रांग होती, तीस-चाळीस माणसं डबे घेऊन उभी. सुमनच्याच वस्तीतली माणसं.

बाईंनी तिला खाली उतरवलं. रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि म्हणाल्या, "मोठ्यानं म्हण. मी पाडली."

सुमननं माझ्याकडे बघितलं. मी मागच्या सीटवर होते, काच खाली होती, हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता. मी पदराशी चाळा करत राहिले.

तिनं म्हटलं. रांगेत कुणीतरी हसलं. मग ती गाडीत बसलीच नाही, चढ चढून घराच्या दिशेनं चालत गेली. सोमवारी आली नाही, त्यानंतरही आली नाही. बालवाडीनं दुसरी कुणीतरी बघितली असणार. मी बाईंना विचारलं, तिला निरोप पाठवू का. बाई म्हणाल्या, जी रांगेपुढे टिकत नाही ती पोरांची गाडी घेऊन आग्रा रोडवर काय टिकणार. एवढं बोलून त्यांनी फडकं हातात घेतलं आणि गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्या वेळी त्यांची पाठ बघून माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो आत्ता लिहिताना जसाच्या तसा होतोय.

मी तेव्हा भांडायला हवं होतं. भांडले नाही. मी चिमटा लावला.

हे जरा समजावून सांगायला हवं. त्या काळच्या गाड्यांना डॅशबोर्डखाली चोकची मूठ असायची. सकाळी थंड इंजिन उठवायला ती ओढायची. ती ओढली की तारेनं कार्बोरेटरमधली एक झडप मिटते, हवा कमी जाते, पेट्रोल जास्त जातं आणि इंजिन जरा जोरात फिरतं. गरम झालं की मूठ आत ढकलायची. पण ती थोडीशी बाहेरच ठेवली, तर इंजिनाला तो जास्तीचा जोर राहतो आणि नवशिकीनं क्लच चुकीचा सोडला तरी गाडी बंद होत नाही. मूठ मात्र आपोआप आत सरकते. म्हणून मी घरून कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा आणला. गाडी पाच रस्त्यावरून वळून बाईंच्या नजरेआड झाली की मूठ अर्धा इंच ओढायची आणि तिच्या दांडीला चिमटा लावायचा. परत येताना काढून पर्समध्ये.

जादू झाल्यासारखं झालं. माझ्या बायका पहिल्या आठवड्यात चढ चढायला लागल्या. कुणी रडेना, कुणी घरी जाऊन नवऱ्याला "मला नाही जमायचं" म्हणेना. शनिवारी मी परीक्षेच्या आधी गाडी गरम करून आणते म्हणायची आणि चिमट्याऐवजी मुठीमागे काडेपेटीचा तुकडा दडपून ठेवायची. बाईंच्या चष्म्याला तो दिसला नाही. लायसनच्या परीक्षेलाही मीच बरोबर जायची, तिथंही तेच. एकदा बाई चक्क म्हणाल्या, तुझ्या हाताखालच्या बायका बऱ्या निघतात. तोवरचं त्यांचं हे एकमेव कौतुक. ते ऐकून मला लाज वाटायला हवी होती. मला विजय झाल्यासारखं वाटलं.

दिवसभराची काजळी सायलेन्सरमध्ये साचायची, आणि फडकी काळी पडायला लागली. बाई बेचैन झाल्या. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ आहे असं ठरवून त्या पंप बदलत राहिल्या, एकदा तर ठाण्याहून भरून आणलं. दोन दिवस बरं, मग पुन्हा काळं. मी ते बघायची आणि स्वतःला सांगायची, गाडी जुनी आहे, असं होणारच.

ऐंशीचं दशक संपत आलं आणि धुराच्या तपासणीचा नियम आला. त्या कागदाशिवाय गाडीचं वार्षिक पासिंग होईना, आणि आमच्या गाडीचं पासिंग नाही तर स्कूलच नाही. आग्रा रोडवर एका पत्र्याच्या शेडमध्ये तपासणीचं मशीन बसवलं होतं. बाई आणि मी गाडी घेऊन गेलो. तिथल्या माणसानं सायलेन्सरमध्ये नळी सरकवली आणि पेटीवरचा काटा सरळ दुसऱ्या टोकाला जाऊन थांबला. त्यानं नळी काढून परत घातली. काटा तिथंच. नापास. पंधरा दिवसांत दुरुस्त करून आणा, असं म्हणून त्यानं चिठ्ठी फाडली.

बाईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. शेडबाहेर स्टुलावर एकजण बसला होता, तो पुढे आला आणि म्हणाला, कार्बोरेटरचा स्क्रू एक फेरा आत घ्या, पास करा, घरी गेल्यावर परत सोडा, सगळे हेच करतात. बाईंनी त्याला विचारलं की मग मशीन कशाला ठेवलंय, आरती करायला? तो खजील झाला नाही, हसला. बाईंनी गाडी काढली. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आपल्या पोरीला वर्गात सगळ्यांसमोर उभं केलंय, असा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिकवण्या बंद केल्या आणि साडीचा पदर खोचून बॉनेट उघडलं. बाईंची पद्धत अशी की आधी पाटीवर कारणं लिहायची, मग एकेक तपासून खोडायचं. तेल पिते का? फडक्यावर तेल नाही. खोडलं. फिल्टर? नवा. खोडलं. प्लग काढले, चारही कोरडे, मखमलीसारखे काळे. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. म्हणजे कार्बोरेटर. आणि कार्बोरेटर म्हणजे बाबी मेस्त्री.

बाबी मेस्त्री मालवणकडचा. भांडुपला त्याचं छोटं गॅरेज होतं आणि बाईंची गाडी वीस वर्षं त्याच्याशिवाय कुणी खोलली नव्हती. मागच्या दिवाळीत त्यानं कार्बोरेटर साफ करून दिला होता, आणि फडकी काळी व्हायला लागली तीही दिवाळीनंतर. बाईंनी हिशेब जुळवला. त्या मला घेऊन तडक गॅरेजमध्ये गेल्या आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणाल्या, की तू आतला पेट्रोल सोडणारा पितळी जेट काढून घेतलास आणि कुठल्यातरी भंगार गाडीचा मोठ्या भोकाचा घातलास.

बाबीनं हातातला पाना खाली ठेवला. "बाय, वीस वर्सां तुमची गाडी माझ्या हाताखाली आसा," तो म्हणाला. "एक नट तरी इकडचो तिकडे केलंय काय?"

बाई म्हणाल्या, काजळी खोटं बोलत नाही, बोलतो तो माणूस.

मी तिथंच होते. आणि मी पुन्हा गप्प बसले. मला खात्री नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. मी तर रोज मूठ आत ढकलत होते, तपासणीच्या दिवशी चिमटा नव्हता, काडेपेटी नव्हती, मग काटा चढला तो माझ्यामुळे कसा? हे सगळं खरं होतं. पण चिमटा त्या क्षणीही माझ्या पर्समध्ये होता, तेही खरं. म्हातारा माणूस गिऱ्हाइकांच्या नजरा चुकवत कापसाच्या बोळ्यानं हात पुसत होता आणि मी एका बाईच्या कठोरपणावर मनातून चवताळत होते. स्वतःकडे बघायला नको म्हणून दुसऱ्यावर चवताळणं किती सोपं असतं, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

बाईंनी तो जेट काढून घाटकोपरला दुसऱ्या मेस्त्रीकडे मोजायला नेला. तो मूळचाच निघाला. परत आल्या, पाटीवरचं तेही कारण खोडलं आणि ट्रंक उघडली.

दुपारची वेळ होती. त्यांनी गाळ्याच्या फरशीवर दोन वर्षांची फडकी तारखेनं मांडली, भिंतीपासून दारापर्यंत, ओळीवर ओळ. मग शिकवण्यांची वही मला वाचायला दिली. मी तारीख आणि शिकणारीचं नाव वाचायची, त्या वाकून फडकं बघायच्या. दिवाळीपर्यंत करडी. मग काळसर. मग एका ठिकाणी दहा फडकी सलग करडी, आणि पुन्हा काळी.

"श्रावणात या दहा दिवसांत काय झालं?" त्यांनी विचारलं.

"शिकवण्या तुम्हीच घेतल्या. मला टायफॉइड झाला होता."

त्या आणखी मागे सरकल्या. मार्गशीर्षात चार करडी. माझ्या बहिणीचं लग्न. वहीवरून नजर वर करायची माझी हिंमत झाली नाही. बाई उठल्या, गाडीपाशी गेल्या, बॉनेट उघडून वाकल्या. चोकची मूठ पूर्ण आत होती. त्यांनी कार्बोरेटरवरच्या झडपेला बोट लावलं आणि ती बोटानं आणखी पाव इंच उघडली. वर्षभर एकाच जागी ताणून धरल्यामुळे आतल्या तारेला अलीकडे कधीतरी बाक आला होता. मूठ आत गेली तरी झडप अर्धवट मिटलेलीच राहत होती. गाडी रात्रंदिवस गुदमरत होती आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता.

मग त्या दार उघडून आत बसल्या आणि मुठीच्या दांडीवर नख फिरवलं. तिथं चिमट्याचे दोन चर पडले होते.

"इथं काय लावत होतीस?"

"कपड्यांचा चिमटा."

"कशाला?"

तीन वर्षांचं सगळं तोंडाशी आलं. मी म्हटलं, "तुमच्यासाठी. बायका गाडीला घाबरत नव्हत्या, बाई. तुम्हाला घाबरत होत्या. पाय क्लचवर नाही थरथरायचा, तुम्ही बाजूला बसलात की थरथरायचा. सुमनला तुम्ही तिच्या वस्तीसमोर उभं केलंत. तिची नोकरी गेली. मी काय करायचं होतं? गाडी बंदच पडणार नाही अशी व्यवस्था केली. ही गाडी नापास तुमच्या तोंडामुळे झालीय."

समोरचा वाणी दुकानाबाहेर येऊन उभा राहिला होता. मी वाट बघत होते की पट्टी येईल, निदान आवाज येईल. बाई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या.

"किती जणी?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"चिमट्यावर किती जणी शिकवल्यास?"

"मोजल्या नाहीत."

"मोज."

मी आत जाऊन वहीतून मोजलं. एकोणीस.

"एकोणीस जणी आज रस्त्यावर आहेत," बाई म्हणाल्या. "लायसन घेऊन. चढावर त्यांच्या घरच्या गाडीला चिमटा कोण लावणार?"

सुमनचा कैवार घेताना मी या एकोणीस जणींचा विचारच केला नव्हता. मला त्यांचा त्रास बघवत नव्हता म्हणून मी त्यांना फसवलं होतं, आणि वर स्वतःला दयाळू समजत होते.

"आणि सुमन?" मी तरीही म्हटलं. हरताना माणूस हातात येईल ते फेकतं.

"ती तुझ्या यादीत नाही," बाई म्हणाल्या. "ती माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन बाबी मेस्त्रीकडे गेल्या. चूक गाडीत नव्हती मेस्त्री, तुमच्यातही नव्हती, एवढंच बोलल्या आणि बाकड्यावर बसल्या. बाबीनं अर्धा तास त्यांना झापलं. गॅरेज भरलं होतं, तरी तो थांबला नाही. बायकोच्या आजारपणातही रात्र जागवून ही गाडी उभी करून दिली, ते काढलं. माका चोर ठरवलास, असं चारदा म्हणाला. बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. माझं नावही घेतलं नाही. ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं, आणि त्याचाही मला त्या क्षणी संतापच आला. शेवटी मी सांगितलं. बाबीनं माझ्याकडे एकदा बघितलं, आत गेला आणि नवी तार घेऊन आला. बाईंबरोबर त्यानं चहा घेतला. माझ्याशी तो त्यानंतर कधी बोलला नाही.

तार बदलली, प्लग बदलले, सायलेन्सर उतरवून आतली काजळी खरवडली. तेराव्या दिवशी शेडमध्ये काटा हवा तिथं थांबला. बाईंनी कागद घेतला, घडी केली आणि म्हणाल्या, चल, पत्रं लिहायचीत.

एकोणीस पोस्टकार्डं. तुम्हाला शिकवण्यात आमची चूक झाली आहे, येऊन पुन्हा शिकून जावे, फी नाही. चौदा जणी आल्या. बाईंनी त्यांना स्वतः शिकवलं, आणि मी मागच्या सीटवरून बघत होते. बाई ओरडत नव्हत्या. पट्टी मांडीवर आडवी, ओठ घट्ट मिटलेले. गाडी बंद झाली की समोर बघत थांबायच्या. बायका भांबावायच्या. एकजण मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाईंना बरं नाही का गं? काही बोलतच नाहीत. आपण बरोबर करतोय की चूक, कळायचं कसं?"

सुमनकडे त्या एकट्याच जाऊन आल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "येत नाही म्हणाली. बरोबर आहे तिचं."

चौदावी बाई चढ नीट चढली त्या दिवशी संध्याकाळी बाईंनी मला ड्रायव्हिंग सीटवर बसवलं आणि त्याच चढावर घेऊन गेल्या. मध्यावर थांब म्हणाल्या, मग उचल म्हणाल्या. गाडी बंद झाली. पुन्हा चावी, पुन्हा बंद. वर्षभर चिमट्याच्या जोरावर चालवून माझाच पाय बिघडला होता. मागे टेम्पो भोंगा वाजवत होता, आणि शेजारी ही बाई दगडासारखी गप्प. चौथ्यांदा गाडी उचलली.

वर सपाटीला आल्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितलं. "तू शिकवतेस चांगलं," त्या म्हणाल्या. "पण चूक दिसली की झाकतेस. मी ओरडते. आपण दोघींनी एका गाडीत बसून कुणाचं भलं होणार नाही. उद्यापासून येऊ नकोस."

मी उतरले. त्या स्टिअरिंगवर सरकल्या आणि निघून गेल्या. मला इतका राग आला होता की रडूही येईना. बस आली, तिच्यात चढले नाही, भांडुपहून मुलुंडपर्यंत पायी आले.

दोन-अडीच महिन्यांनी आग्रा रोडवर मला ती करडी गाडी दिसली. तेव्हा मी एका ऑफिसात लागले होते, रस्ता ओलांडायला थांबले होते. एक नवी मुलगी चालवत होती, अठरा-एकोणीसची. सिग्नल सुटला, गाडीनं उसळी मारली आणि गप्प झाली. मागे दोन बसगाड्या, एक ट्रक. आणि मग बाईंचा आवाज, पूर्वीचा, पूर्ण चढलेला, फूटपाथपर्यंत. मी सांगते ते तुम्हाला विचित्र वाटेल, पण पहिल्यांदा मला हायसं वाटलं. बाई ठीक आहेत, असं वाटलं. मग त्या मुलीचा चेहरा दिसला, खाली गेलेली मान, लाल झालेले कान, आणि माझं डोकं सणकलं.

मी गाड्यांमधून वाट काढत गेले आणि बाईंच्या बाजूच्या खिडकीत वाकले.

"बाई, हळू बोला," मी म्हटलं. "ऐकू येतंय तिला."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तू आता माझ्याकडे कामाला नाहीस."

"म्हणून तर बोलतेय."

त्या मुलीनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. बसवाला शिव्या देत होता. बाईंनी हँडल फिरवून सावकाश काच वर केली, पूर्ण, अगदी शेवटपर्यंत. आत त्या तिला काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. मुलीनं मान वर केली, चावी फिरवली आणि गाडी धक्का न मारता निघाली.